लाकडाचा माणूस वाकत नाही

आबांचा दम अडकला आणि मला बक्कल सापडेना. म्हणजे बक्कल समोरच होतं, डाव्या कुशीवर, मीच शिवलेलं, पण बोटांना सापडेना. आबा खाली पडलेली कानस उचलायला वाकले, एवढंच झालं, आणि वाकले ते तसेच राहिले. वर येईनात. तोंड लाल, एक हात माझ्या खांद्यावर, एक हात पोटाशी, आणि "काढ, माय, काढ" असं ओठ हलतात पण आवाज फुटत नाही. दुपारचे दोन, वर पत्र्याची शेड, आत भट्टी नुसती विझलेली पण निवलेली नाही. माझी ईशू पदर धरून रडायला लागली. मी पट्टा ओढला तर तो अजून आवळला, कारण कातड्याचा पट्टा सोडवायचा तर आधी ओढावाच लागतो, तेव्हा कुठं बक्कलची जीभ भोकातून निघते, आणि ओढला की आबा कळवळायचे. शेवटी कात्री घेतली. कुशीवरचे तीन आणि खांद्यावरचे दोन, पाचही पट्टे कचाकच कापले. चिलखत धाडकन खाली पडलं. आबा भिंतीला पाठ लावून बसले, मी त्यांचं बनियन वर केलं तर बरगडीच्या खाली आडवी लाल रेघ, आणि तिच्यातून रक्ताचे मणी वर येत होते.

ते चिलखत मी बनवलं होतं. आधीची दोनपण मीच बनवली होती.

त्याला वर्ष झालं, आता परत ऊन तापलंय. आमच्या जळगावचं ऊन मी वेगळं काय सांगू, नऊ वाजता रस्त्यावरची कुत्री गटारीत जाऊन बसतात. शेजारच्या काकूंच्या गच्चीवर बिबडे वाळत घातलेत, ज्वारीच्या चिकाचा तो आंबूस वास जिन्यानं खाली येतो, आणि बाकीच्या बायांना त्या वासानं अक्षय तृतीयेची आखाजी आठवते, माहेर आठवतं, निंबाला बांधलेला झोका आठवतो. मलापण आधी तेच आठवायचं. आता तो वास आला की माझ्या बोटांना बक्कल सापडत नाही. भाकरी थापताथापता हात थांबतो. ईशू विचारते, आई काय झालं, मी म्हणते काही नाही, चटका बसला.

चिलखत म्हटलं की लोकांना वाटतं बाहेरून चकचकीत लोखंड. नाटकात असतं तसं, मिरवणुकीत पोरं घालतात तसं, पुठ्ठ्याला चांदीचा कागद. मलापण तसंच वाटायचं. हे तसं नाही. ह्याच्यात लोखंड आत आणि कापड बाहेर. बाहेरून बघाल तर मखमलीची बिनबाह्यांची बंडी, आणि तिच्यावर पितळी खिळ्यांची डोकी, तीन तीनच्या टिकल्या, ओळीनं. कोणाला वाटेल लग्नात घालायचा कोट आहे. उचलायला गेलं की मग कळतं, दोन हात लागतात. आबा म्हणायचे आपल्याकडे पण जुन्या काळी अशी होती, हजार खिळ्यांचं चिलखत म्हणायचे, आणि परदेशातपण होती, आणि परदेशात आता लोक परत ती घालून रविवारी मैदानात मारामारी करतात. खरी. बोथट तलवारीनं, पण खरी, हाडं मोडतात. मी विचारलं कशावरून भांडण आहे त्यांचं. आबा म्हणाले भांडण काही नाही, मारून झालं की सोबत बसून जेवतात. मला ते अजून समजलेलं नाही. आमच्याकडे लोक सोबत जेवतात आणि मग मारामारी करतात.

मी सातवीपर्यंत शिकले, धुळ्याच्या पुढच्या एका खेड्यात. लग्न होऊन इथं आले, हे दाळमिलमध्ये कामाला, मी घरी ब्लाऊज शिवते. आबा लोहार. त्यांची शेड आमच्या गल्लीच्या टोकाला, पूर्वी बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा बसवायचे, मग गाड्याच गेल्या, मग खिडक्यांच्या जाळ्या, गेट, असं. मग कोणीतरी शेठ कॉम्प्युटरवर बघून आला की असं असं बनवून देणार का, परदेशात जाईल. आबांनी पत्रे तर वाकवले पण कापडाला ते कुठं हात लावणार. शिलाईचं काम विचारत विचारत माझ्या दारात आले. बोलण्यातून कळलं की तेपण आमच्याच भागातले, धुळ्याकडचे, तेव्हापासून मला माय म्हणायला लागले आणि आमची अहिराणी सुरू झाली. इथं सासरी कोणी माझ्याशी अहिराणी बोलत नाही, हसतात. आबा बोलायचे म्हणून मी दुपारी काम घेऊन शेडमध्येच जाऊन बसायची, ईशूला गोधडीवर टाकून. हातोड्याच्या आवाजात ती गाढ झोपायची. ठोकणं थांबलं की उठायची.

ते काम कसं असतं ते सांगते, नाहीतर माझी चूक कळणार नाही, आणि मला वाटतं की ती कळावी.

आधी आबा पत्रा कापायचे. छातीवरचा पत्रा तळहाताएवढा, फुफ्फुसावर मोठे लागतात. कमरेकडे येता येता लहान लहान, दोन बोटांचे, कारण माणूस कमरेत वाकतो. प्रत्येक तुकडा निंबाच्या ओंडक्यात केलेल्या खोबणीत ठेवून ठोकायचे, म्हणजे त्याला अंगासारखा बाक येतो. मग कानशीनं काठ घासायचे. मग कल्हई. हो, तीच, आपल्या पितळी पातेल्याला करतात ती, म्हणजे घामानं गंज चढत नाही आणि मखमलीवर डाग येत नाहीत. नवसागराचा धूर नाकात गेला की डोळ्यांतून पाणी यायचं, आणि राखाडी पत्रा एकदम दुधासारखा पांढरा व्हायचा. ईशू टाळ्या वाजवायची. ती एवढी एकच गोष्ट त्या उन्हाळ्यातली मला बघावीशी वाटते.

प्रत्येक पत्र्याला एकाच काठावर तीन भोकं. एकाच. दुसरा काठ मोकळा. मी जाड मांजरपाट भिजवून, वाळवून, दुहेरी करून त्याच्यावर मखमल बसवायची, मग सगळं उलटं अंथरायचं, मखमल खाली, मांजरपाट वर. त्याच्यावर पत्रा ठेवायचा, दाभणानं भोक पाडायचं, खालून पितळी खिळा घालायचा, म्हणजे डोकं बाहेर राहतं आणि शेपूट आत पत्र्यातून वर येतं. शेपूट कापायचं आणि ऐरणीवर ठोकून ठोकून चपटं करायचं. झालं रिबीट. असे तीन मारले की पत्रा कापडाला धरतो, पण फक्त एका काठानं. दुसरा काठ शेजारच्या पत्र्यावर नुसता टेकून असतो, सरकायला मोकळा. म्हणून तर माणसाला हलता येतं. सगळे काठ खिळवले तर पिंपच झालं असतं.

आता कोणता काठ वर आणि कोणता खाली.

आबांनी मला सांगितलं होतं. अगदी सोपं करून सांगितलं होतं. घरावर पत्रे टाकतात तसं, खालून सुरू कर, वरचा पत्रा खालच्याच्या अंगावर चढव. बास. ते बोलले तेव्हा कापड आमच्यासमोर उलटं अंथरलेलं होतं. लोहार माणूस, समोर जे दिसतं त्याच्याबद्दलच बोलणार. त्याच्या ऐरणीला उलटी बाजू नसते.

पण मी शिवणारी. आम्ही बाया आयुष्यभर उलट्या बाजूवर काम करतो आणि सुलट्या बाजूचा विचार करतो. बाही उलटी करून जोडायची म्हणजे सुलटी बसते, पायपीन आत दाबायची म्हणजे बाहेर दिसते, कोणी म्हणालं काठ वर पाहिजे तर हात आपोआप त्याला खाली धरतो. हे मला कोणी शिकवलं नाही, ते हातातच आहे. आबा म्हणाले घरावरच्या पत्र्यासारखं, आणि माझ्या डोक्यात घर आलं ते बाहेरून. मखमलीच्या बाजूनं. बाहेरून वरचा खालच्यावर पाहिजे, म्हणजे वरून वार आला तर पावसाच्या पाण्यासारखा घसरून जाईल. म्हणजे आतून मला उलटं लावायला पाहिजे. वरून सुरू केलं. भोकांचा काठ खाली घेतला, मोकळा काठ वर. आणि सगळ्यात वाईट काय सांगू, मला तेव्हा फार हुशार वाटलं. मला वाटलं आबांनी अर्धंच सांगितलं आणि उरलेलं मला आपोआप कळलं. सातवी शिकलेल्या बाईला असं कधी कधी वाटतं, आणि वाटलं की ती कोणाला विचारायला जात नाही.

कागद होता. शेठनं दिलेला, चार पानं, इंग्रजीत. त्याच्यात फोटो होते, पण सगळे बाहेरून. मखमल आणि खिळे. आतला एकपण फोटो नाही. मला ह्याच गोष्टीचा सगळ्यात जास्त संताप येतो. अरे बाबा, बाहेरून तर ते बरोबर केलेलं आणि चुकीचं केलेलं सारखंच दिसतं, फोटो कसला काढता. आतून दाखवा ना. शेठला विचारलं असतं तर तो म्हणाला असता कागदात लिहिलंय. कागद मी घरी आणून नळाच्या वरच्या फळीवर ठेवला होता, रोज दिसायचा. एक अक्षर लागायचं, दुसरं लागायचं, तिसऱ्याला डोकं फिरायचं. आमच्या ह्यांना दाखवला तर ते म्हणाले, मी दाळ ओळखतो, मला कशाला दाखवते.

पहिलं लाल झालं. दुसरं निळं. दोघांना आतून अस्तर लावायचं होतं, गिऱ्हाइकाची मागणी होती, ते मी घरीच लावून टाकलं आणि मग आबांकडे नेलं, आतली बाजू त्यांच्या नजरेला पडलीच नाही. आबांकडे एक लाकडाचं धड होतं, डोकं नाही, हात नाही, त्याला चिलखत घालून बघायचं. बसतं का, खांद्यावर ओढतं का, बक्कलं समोरासमोर येतात का. दोन्ही छान बसली. आबा चारी बाजूंनी फिरले, थोपटलं, म्हणाले, "तुन्हा हातले गुण शे." मी त्या दिवशी घरी येऊन ह्यांना तीनदा सांगितलं. लाकडाला कोण सांगणार वाकून दाखव म्हणून. लाकडाचा माणूस वाकत नाही, त्याला श्वास घ्यायचा नसतो, तो खाली पडलेली कानस उचलत नाही.

तिसऱ्याच्या वेळी उन्हानं ते धड तडकलं. मधोमध चीर गेली. आबा म्हणाले राहू दे, मीच घालून बघतो, माझंच माप धर. अस्तर लावायचं बाकी होतं. पुढचं मी सुरुवातीलाच सांगितलं.

मी पाणी आणलं, माठातलं, आबांच्या तोंडावर मारलं. हळद शोधत होते तर हळद कुठली लोहाराच्या शेडमध्ये, शेवटी पदरच दाबून धरला. आबांचा श्वास हळूहळू जागेवर आला. ईशू त्यांच्या गुडघ्याला हात लावून बघत होती, आबा बाऊ, आबा बाऊ. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि दुसऱ्या हातानं चिलखत जवळ ओढून पालथं केलं. आतली बाजू वर आली. ते बघत राहिले. एका पत्र्याच्या वरच्या काठाखाली नख घातलं आणि उचकलं. मोकळा.

"हाई बठ्ठं उलटं शे," आबा म्हणाले. सगळंच उलटं.

रागावून नाही म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं, मी रडले असते आणि रडताना खरं तोंडातून निघून जातं. ते तर मला शिकवायलाच बसले. म्हणाले, बघ, माणूस वाकला की बरगडी खाली येते. पत्र्याचा काठ वर तोंड करून बसला असेल तर तो बरगडीच्या खाली घुसतो. जेवढा वाकशील तेवढा आत. आणि परत उठायला गेलं की अजून रुततो. काठ खाली तोंड करून असला तर तो पोटावरून घसरतो नुसता, टोचत नाही. त्यांनी दोन पत्रे हातात घेऊन, आधी असे आणि मग तसे, सरकवून दाखवले. इतकं सोपं होतं. हेच त्यांनी पहिल्या दिवशी हातात धरून दाखवलं असतं तर. मीच विचारलं असतं तर.

मग त्यांनी पत्रे खाली ठेवले. माझ्याकडे बघितलं.

"पहिला दोन बी असाच करेल शेतस का?"

बघा, त्या एका क्षणात माणसाच्या डोक्यातून किती जातं. आबांच्या बनियनवर रक्त. ईशूच्या हातात पितळी खिळा, ती तो तोंडात घालायला निघाली. शेठ. लाल आणि निळं दोन्ही गेलेली, समुद्रापलीकडे, आणि त्या दोन्हींमुळेच तर तिसरं आलं होतं. आबांनी शेठला छाती ठोकून सांगितलं होतं की आमच्याकडची मुलगी आहे, तिचं काम तपासायची गरज नाही. आणि मी जर आता हो म्हटलं तर आबा गप्प बसणारे नाहीत हे मला पक्कं माहीत होतं. ते तसेच उठून, रक्त पुसून, शेठकडे जाणार, दोन्ही परत बोलवा म्हणणार. मग आबांचं काय, माझं काय, परत ब्लाऊजच्या हुका लावत बसायचं, आणि सासूबाई म्हणणार, सांगितलं होतं, लोहाराच्या शेडमध्ये बाईमाणसानं जाऊन बसू नये.

मी म्हटलं, "नही आबा. हाईच चुकनं." एवढं एकच.

त्यांनी मान हलवली. लगेच विश्वास ठेवला. मला वाटतं त्यांनापण तेच ऐकायचं होतं.

त्या वर्षी आखाजीला मी माहेरी गेले नाही. भाऊ न्यायला येतो म्हणाला, मी म्हटलं काम आहे. त्यानं फोनवर टोमणा मारला, काय राजेरजवाडे वाट बघताहेत वाटतं तुझ्या कोटाची. आई म्हणाली, अगं खापरावरचे मांडे करणार आहे, आंबे आणलेत. मी म्हटलं पुढच्या वर्षी. आणि गल्लीत पोरी झोक्यावर चढल्या, गौराईची गाणी म्हणायला लागल्या, मी शेडमध्ये बसून एकेक रिबीट उकलत होते. ठोकलेलं शेपूट छिन्नीनं उडवायचं, खिळा उलटा ठोकून बाहेर काढायचा. शिवण उसवायला ब्लेड लागतं, ह्याला मनगट लागतं. मनगटाला गाठ आली. पत्रे तेच राहिले, मखमल मात्र सगळी फेकावी लागली, कारण भोकं चुकीच्या ओळीत पडली होती. गडद हिरवी, सुंदर होती. तिची चाळणी झाली होती. मी ती उन्हाकडे धरली तर भोकाभोकातून ऊन माझ्या हातावर पडलं, तीन तीन ठिपके, ओळीनं. आबा शेजारी बसून काठ घासत होते. पोटाला फडकं बांधलेलं. मध्येच म्हणायचे, घाई करू नको, माय, गेलेली दोन चांगली गेली ना, झालं तर मग. ते असं म्हणाले की माझी छिन्नी हुकायची.

ह्यांना मी सांगितलं. एकदाच. जेवताना. त्यांनी शेवभाजीत भाकरी कुस्करली, खाल्ली, पाणी प्यायले, आणि म्हणाले, "तुला आता कोणी विचारतंय का? नाही ना? मग गप बस." पुढच्या घासाला म्हणाले, त्यांना टोचलं असतं तर त्यांनी सांगितलं नसतं का.

मला ह्याच्यावर हसू येतं. माझ्याकडे शिवून घेतलेल्या ब्लाऊजची काख ज्यांना आवळते अशा किती बाया असतील. त्या सांगतात का? त्या म्हणतात आपणच जाड झालो. हात वर करत नाहीत, एवढंच. तो परदेशातला माणूसपण म्हणत असेल, चिलखतच आहे, टोचणारच, जुन्या काळच्या लोकांना टोचत असेलच ना. आणि त्याच्यात अस्तर आहे, जाड आहे, दुहेरी आहे, मीच लावलंय, काठ तेवढा लागत नसेल. हे मी स्वतःला किती वेळा सांगितलं. मग आठवतं की तो नुसता वाकणार नाही. त्याला कोणी तरी पोटावर मारणार. जोरात. त्याच्यासाठीच तर त्यानं ते घेतलं.

निळ्याचं मला कळलं, बरं झालं. ते कोणीतरी भिंतीवर लावायला घेतलंय. भिंत वाकत नाही. राहिलं लाल.

वर्ष गेलं. कापूस गेला, भरिताची वांगी आली आणि गेली, ईशू बालवाडीत जायला लागली. कामं येत राहिली, चार झाली, सगळी बरोबर. आता मी डोळे मिटून भोकांचा काठ वर घेते. आबांना मी स्वतः सांगितलं की नुसत्या लाकडावर बघायचं नाही, माणसानं घालून उठबस करायची, आणि ती मी करते. चिलखत घालून मी शेडमध्ये खाली बसते, उठते, केर काढते. गल्लीतल्या बाया दारातून बघून हसतात, अगं झाशीची राणी, झाडू नीट धर. आबापण हसतात. त्यांच्या बरगडीखालची रेघ आता पांढरी झाली आहे, बनियन बदलताना दिसते. मी बघत नाही.

गेल्या आठवड्यात आबा घरी आले. ऊन एवढं की रुमाल ओला करून डोक्यावर ठेवलेला. ओट्यावर बसले, पाणी मागितलं, आणि मोबाईल पुढे केला, खूश होते. शेठनं फोटो पाठवलाय म्हणे. लाल चिलखतवाला. मी आधी कधी त्याला बघितलं नव्हतं. पिकलेली दाढी, जाडजूड, आमच्या आबांच्याच वयाचा असेल. एका फोटोत उभा आहे. दुसऱ्यात एक गुडघा टेकवून बसलाय, वाकलाय, दात दिसतायत. हसतोय का दात दाबलेत ते मला कळेना. मी दोन बोटांनी मोठा केला, अजून मोठा केला. मखमल. पितळी खिळे, तीन तीन, एकदम ओळीत. किती सफाईदार काम आहे, मलाच वाटलं.

आबा म्हणाले त्याला इतकं आवडलंय की त्याच्या पोरीसाठी पण एक पाहिजे. पोरगीपण खेळते त्यांच्याकडे. कागद दिला. माझ्याकडे बघून म्हणाले, वाचता आलं नाही तरी एवढं लक्षात ठेव, त्यानं लिहिलंय की अगदी माझ्यासारखंच करा, तसूभर फरक नको. "बापनासारखंच," आबा म्हणाले, आणि ईशूच्या गालाला हात लावला.

आकडे मला येतात. त्या पोरीची कंबर माझ्या कमरेएवढी आहे. मी टेप लावून बघितली.

ते गेल्यापासून मी हेच करतेय, कागद घेते, ठेवते. पोरीचं तर मी बरोबरच करणार, त्याच्यात काही प्रश्नच नाही, मी काही राक्षस नाही. पण मग मैदानात बाप आणि लेक शेजारी उभे राहणार, सारखी मखमल, सारखे खिळे, आणि वाकले की एकाला टोचणार आणि एकीला नाही. कधी तरी ते अदलाबदल करतील. कधी तरी ती म्हणेल, बाबा, तुम्हाला का लागतं, मला तर लागत नाही. किंवा नाही म्हणणार. किंवा ते म्हणायच्या आधीच कोणी तरी त्याच्या पोटावर घाव घालेल.

एक वाक्य आहे, लालपण उलटंच झालंय. अहिराणीत तर दोनच शब्दांचं होईल. आबा ऐकतील, आणि मग त्यांना त्या दिवसाचं सगळं परत आठवेल, मी कोणत्या तोंडानं नाही म्हणाले तेपण. ह्या गावात मला माय म्हणणारा एकच माणूस आहे.

उद्या सकाळी ते पत्रे घेऊन येणार आहेत, कल्हई करून. मी मांजरपाट भिजवून वाळत घातलाय. बाया, तुम्ही शिवता, तुम्हाला लेकरं आहेत, तुम्ही मला सांगा. त्या दुपारी तुमच्या पदराला रक्त लागलेलं असताना तुम्ही हो म्हणाला असता का? आणि तेव्हा नाही म्हणून बसलात, वर्षभर त्या नाहीवर भाकरी खाल्लीत, तर उद्या सकाळी दार उघडल्यावर तुम्ही काय केलं असतं?